टेपमास्तर आणि पिस्टनची उंची

टेपमास्तरांच्या गळ्यातला टेप उतरलेला कुणी पाहिला नव्हता. आंघोळीला जातानाही तो गळ्यातच असतो, असं लोक म्हणायचे, आणि ही बातमी त्यांच्या बायकोनेच पसरवलेली असल्यामुळे तिला खोटं म्हणायची सोय नव्हती. माणूस शिंपी. आज्याचा धंदा बापाने चालवला, बापाचा यांनी. दुकान रस्त्याला, घर दुकानाच्या पाठीला आणि घराच्या पाठीला पत्र्याचा तबेला. मापाचा नाद असा, की दारात नवा माणूस आला तर त्याचं नाव कळायच्या आधी यांना त्याची छाती कळायची. एकदा बँकेचे साहेब पँट शिवायला आले, तर मास्तर मान वर न करताच म्हणाले, "बसा, अडतीस." साहेब बसले बिचारे. दोन्ही मुलींच्या लग्नात जावयांची मापं आधी घेतली, पसंती मागून कळवली.

स्वभाव म्हणाल तर सुईसारखा. टोचल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, कंबरेत जरा घट्ट होतंय," तर मास्तर म्हणणार, "पँट तीच आहे, तुम्ही मागल्या महिन्यातले राहिला नाहीत." उभ्या आयुष्यात 'माझं माप चुकलं' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले नव्हते. पडणार कसे? ज्याचं माप चुकतं तो शिंपी कसला, हे त्यांना बापाने कापड मोजायच्या गजाने हातावर मारून शिकवलेलं.

आता त्यांच्या वैऱ्याकडे येऊ. वैरी लांबचा नव्हता, कुंपणापलीकडचा होता, आणि सख्खा साडू होता. दोघी बहिणींना शेजारी शेजारी नांदता यावं म्हणून सासऱ्याने हौसेने दोन्ही जागा लगटून बघून दिल्या. सासरा भला माणूस, पण त्याला पुढचं दिसत नव्हतं. थोरली शिंप्याला दिली, धाकटी गॅरेजवाल्याला. आणि धाकटीच्या लग्नातच ठिणगी पडली. टेपमास्तरांनी नव्या साडूला आहेर म्हणून स्वतःच्या हाताने कोट शिवला. कापड उंची, अस्तर रेशमी, बटणं अशी की बघत राहावं. नवरदेवाने तो घातला, हार घालायला हात पुढे केले, आणि दोन्ही बाह्या सरकून मनगटाच्या वर गेल्या. त्या लग्नाचा फोटो आजही दोन्ही घरांत आहे. त्यात नवरा कमी आणि मनगटंच जास्त दिसतात.

गॅरेजवाला भर मांडवात म्हणाला, "काय साडूबुवा, कापड पुरलं नाही वाटतं?"

सगळे हसले. टेपमास्तर नाही हसले. म्हणाले, "कापड पुष्कळ होतं. कोट आखूड नाही, तुमचे हात लांब आहेत."

झालं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी सरळ बोलेनासे झाले. बोलायचंच झालं तर बायकांमार्फत. दोघंही कुंपणाशी उभे असले तरी एक म्हणायचा, "त्यांना सांग, तुमच्या गॅरेजातलं काळं तेल आमच्या अंगणात येतंय." आणि दुसरा म्हणायचा, "त्यांना सांग, तुमच्या चिंध्या आमच्या अंगणात उडतात त्याचं काय?" मध्ये दोघी बहिणी भाजी निवडत बसलेल्या असायच्या. त्या निरोप पोचवायच्याही नाहीत. म्हणायच्या, "ऐकलंय त्यांनी."

घोडी आधी मास्तरांकडे आली. शाळांचे गणवेश ते ठोकाने शिवायचे, आणि गठ्ठे पोचवायला गाडी लागायची. धोब्याने मोटार घेतली तेव्हा त्याची घोडी रिकामी झाली, ती यांनी आणली. काळसर, मऊ कातडीची. नाव ठेवलं मखमल. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिला खरारा करायचे. बायको म्हणायची, "माझ्या केसांवरून कधी कंगवा फिरवला नाहीत." मास्तर म्हणायचे, "तू उभी कुठे राहतेस?"

गॅरेजवाल्याचा जन्म मोटारीखाली गेलेला. त्याला घोड्याचं काय कौतुक? पण साडूच्या दारात चार पाय उभे राहिले म्हटल्यावर याच्या पोटात दुखायला लागलं. वर्ष झालं नाही तोच त्याने एक तरणा नर आणून बांधला. अंगाने भरलेला, चकचकीत, नाव पिस्टन. कुंपणाशी आला की असा खिंकाळायचा की मास्तरांच्या सुईतला दोरा निसटायचा.

दोन्ही जनावरं गारखुरी जातीची. गारखुरी म्हणजे बुटका घोडा, छातीला रुंद, पायाला आखूड, आणि खूर असा टणक की नाल नसली तरी खडीवरून गारेवर गार आपटल्यासारखा वाजत जाणार. पूर्वी गारखुरी कोणता, हे कुणाला विचारावं लागत नसे. घरात भाकरी थापणाऱ्या बाईलासुद्धा आवाजावरून कळायचं, की बर्फवाला आला. मग कधीतरी शहरातल्या शहाण्यांनी संस्था काढली, जातीचं पुस्तक केलं, आणि खरा गारखुरी कसा असावा त्याचे नियम छापले. उंची खांद्याच्या उंचवट्यापाशी अमुक मुठींच्या वर नको. गुडघ्याच्या वर पांढरा ठिपका नको. कान आखूड हवेत. खूर काळाच हवा. आणि गंमत बघा, नियम येईपर्यंत सगळ्यांचेच घोडे गारखुरी होते. नियम आले आणि कुणाचाच राहिला नाही.

दर वर्षी शाळेच्या मैदानावर तपासणी भरायची. बर्फवाल्याचा घोडा गुडघ्यावरच्या नखाएवढ्या पांढऱ्या ठिपक्यापायी बाद झाला. तो म्हणाला, "बाई, जन्मभर बर्फ ओढलाय त्याने, त्याचाच डाग असेल." तपासनीस बाई हसल्या नाहीत. त्यांना हसताना कुणी पाहिलंच नव्हतं. दूधवाल्याने शहाणपणा करून ठिपक्याला बूटपॉलिश लावलं, तर बाईंनी घोड्याकडे बघितलंही नाही. रुमाल ओला केला, गुडघ्यावरून फिरवला, काळा झालेला रुमाल त्याच्या हातात दिला आणि पुढच्याला हाक मारली. लोक त्यांना पाठीमागे काय काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण नोंद नाही म्हणजे घोड्याला भाव नाही आणि पोराबाळांना दाखवायला कागद नाही. म्हणून शिव्या देत देत सगळे दर वर्षी रांगेत उभे राहायचेच.

मखमल पास झाली, पण शेरा मारून. 'कान किंचित लांब.' मास्तरांना तो शेरा काट्यासारखा रुतला. महिनाभर येता-जाता तिचे कान मोजत होते. घोडी बिचारी, टेप दिसला की कान पाडायला लागली.

आणि पिस्टन? पिस्टन एका शब्दाचा शेरा न लागता पास झाला.

मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पिस्टन कुंपणाला लागून गवत खात होता, गॅरेजवाला गाडीखाली होता. मास्तरांनी तारेतून हात घातला, टेपाचं टोक खुराशी आपल्या पायाने दाबलं, आणि पायावरून, खांद्यावरून, अंगाला चापून टेप वर उंचवट्यापर्यंत नेला. जसा माणसाच्या खांद्यावरून नेतात तसा. माप बघितलं. पुन्हा घेतलं. चेहरा असा खुलला की थोरलीला वाटलं, कुणीतरी बारशाची बातमी आणली.

"दोन बोटं जास्त!" मास्तर म्हणाले. "दोन बोटं! काठीने मोजतात मूर्ख. टेपासमोर कुणाची लपवाछपवी चालत नाही."

संस्थेत हरकत दाखल केली. 'सदर घोडा उंचीने नियमाबाहेर असून त्याची नोंद रद्द व्हावी.' संस्था म्हणजे संस्था. उत्तर आलं, पुढच्या तपासणीला पुन्हा मोजू, तोवर नोंद अडकवून ठेवतो. गॅरेजवाल्याने ते वाचलं, आणि हातातला पाना कुंपणावर असा आपटला की दोन्हीकडची कोंबडी उडाली.

"त्यांना सांग," तो धाकटीला म्हणाला, "माझ्या घोड्याला हात लावलात तर याच पान्याने बोटं आवळीन."

"त्यांना सांग," मास्तर म्हणाले, "आवळा की. हात लांब आहेतच तुमचे."

इथवर सगळं नेहमीचं होतं. गोम पुढे आहे. माणसं कुंपणाअलीकडे-पलीकडे भांडत होती, जनावरांना भांडणाची कल्पना नव्हती. मखमल माजावर आली होती. एके दुपारी थोरली धुणं वाळत घालायला मागे गेली, आणि बघते तर तार वाकलेली, आणि पिस्टन अलीकडे. तिने हातातली बादली हळूच खाली ठेवली आणि बहिणीला हाक मारली. धाकटी आली, तिने पाहिलं. दोघी तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. धाकटी म्हणाली, "ताई, आपले दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत गं. आता व्याही झाले."

वर्ष भरत आलं तेव्हा मखमल व्याली. शिंगरू मादी, म्हणजे शिंगी. आणि काय शिंगरू! छाती आईची, पाय बापाचे, कान इवलेसे, एक पांढरा केस अंगावर नाही. आठवड्यात अंगणातल्या फरशीवर उड्या मारायला लागलं, आणि खूर असे वाजायचे की दुकानातलं गिऱ्हाईक विचारायचं, मागे पाट्यावर काय वाटताय? मास्तरांनी तिचं नाव मनातल्या मनात सुई ठेवलं. टेप घेऊन तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या आणि खाली बसले. शेरा मारायला जागाच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दारात अशी वस्तू होती जिला कुणी बोट लावू शकणार नव्हतं.

रायडिंग स्कूलवाली बाई तिला बघून गेली. गावाबाहेर तिची मोठी कुरणं होती. ती म्हणाली, "मास्तर, ही नोंदवून द्या, मी जन्मभर सांभाळते. पण कागद हवा. बिनकागदाची मला ठेवता येत नाही."

मास्तरांचे गुडघे आताशा खाली बसलं की वर उठायला का-कू करायचे. थोरलीने बजावून ठेवलं होतं, या अंगणात दुसरं जनावर मी पोसणार नाही. आणि बिनकागदाच्या शिंगीला गिऱ्हाईक एकच, वीटभट्टी. तिथे मातीच्या गाड्या ओढून घोडी चार वर्षांत म्हातारी होते. म्हणजे बघा, एकीकडे कुरण, एकीकडे भट्टी, आणि मध्ये एक कागद.

त्या कागदाचे नियम मास्तरांना पाठ होते, पण त्यांचा अर्थ आत्ता कळला. शिंगरू नोंदवायचं तर आई-बाप दोघांची नोंद पक्की हवी. आणि बाप माझाच घोडा, अशी बापाच्या मालकाची सही हवी. बाप पिस्टन. त्याची नोंद अडकलेली. कुणामुळे? टेपमास्तरांच्या हरकतीमुळे. पिस्टन उंच ठरला तर मास्तर खरे, आणि शिंगी भट्टीवर. पिस्टन बसका ठरला तर शिंगी कुरणावर, आणि मास्तर खोटे. स्वतःच्या हाताने शिवलेल्या पिशवीत माणूस असा स्वतःच शिरला, आणि नाडीही स्वतःच ओढली.

थोरलीने हाताला धरून त्यांना गॅरेजात पाठवलं. गॅरेजवाला एका जुन्या गाडीखाली होता. बाहेर फक्त पाय दिसत होते. मास्तरांनी त्या लग्नानंतर पहिल्यांदा साडूशी सरळ बोलायला तोंड उघडलं, ते त्याच्या बुटांशी.

"सही पाहिजे होती."

"कोण बोलतंय?" बूट म्हणाले.

"माहीत आहे कोण बोलतंय."

"आवाज ओळखीचा वाटत नाही. पंचवीस वर्षं ऐकला नाही ना." गाडीखाली काहीतरी ठाक करून पडलं. "कसली सही?"

"शिंगीच्या बापाची."

"अरेच्चा! पण तुमच्या हरकतीत तर माझा घोडा गारखुरीच नाही. बिनजातीच्या घोड्याची सही घेऊन काय करणार, साडूबुवा? लोणचं घालणार?"

"हरकत वेगळी, सही वेगळी."

गॅरेजवाला सरपटत बाहेर आला. तोंडाला तेल, हातात पाना, आणि डोळ्यांत असा आनंद की जणू कुणी सोन्याचं इंजिन आणून दिलंय. उठला, फडक्याला हात पुसले, फळीवरून सहीचा कागद घेतला. कागद धाकटीने आधीच आणून ठेवला होता. टेकून झोकात सही केली, शाई वाळवली, मास्तरांसमोर धरला. मास्तरांनी हात पुढे केला, तसा त्याने तो घडी घालून छातीच्या खिशात ठेवला.

"तपासणीच्या दिवशी मिळेल," तो म्हणाला. "मैदानावर. सगळ्यांसमोर म्हणायचं, 'माझं माप चुकलं.' तीन शब्द. लगेच कागद हातात."

"आणि पिस्टन उंच निघाला तर?"

"तर तुम्ही खरे. मग आनंदात जा भट्टीवर शिंगी पोचवायला. मी चंदीची पिशवी देतो सोबत."

मास्तर घरी आले ते धुमसतच. थोरली म्हणाली, "म्हणून टाका की. तीन शब्द तर आहेत."

"तीन शब्द? अगं, शिंप्याने ते म्हणायचं म्हणजे न्हाव्याने स्वतःचंच नाक कापल्यासारखं आहे. उद्या दुकानात कोण येईल?"

"आता तरी कोण येतंय? आलेल्याला तुम्ही अडतीस म्हणून हाक मारता."

"माप खरं आहे तर खोटं कशाला म्हणू?"

"मग जा, शिंगीला सांगा तसं."

ते शिंगीला काही सांगू शकले नाहीत. ती येऊन त्यांच्या गळ्यातला टेप चघळायला लागली. मास्तर उठले, कुंपणाशी गेले. आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी मनात म्हटलं, देवा, माझा टेप खोटा निघू दे. पिस्टन समोरच होता. पुन्हा खुरापासून खांद्यावरून टेप नेला. दोन बोटं जास्त. ढिला धरून बघितला. तरी दोन बोटं. क्षणभर वाटलं, अंगठा जरा वर सरकवावा आणि बरोबर आहे म्हणावं. इथे कुणी बघत नव्हतं. पण अंगठा सरकेना. हयातभर ज्या अंगठ्याने एक दोरा इकडेतिकडे होऊ दिला नाही, तो म्हातारपणी काय फितूर होतोय? मास्तर तसेच तारेला धरून उभे राहिले. पिस्टनने त्यांच्या टोपीचा वास घेतला आणि शिंकला.

"तूही हसून घे," मास्तर त्याला म्हणाले.

तपासणीच्या दिवशी मैदान भरलं. बर्फवाला, दूधवाला, ज्यांचे घोडे बाद झाले होते ते सगळे झाडाखाली जमले होते. स्वतःचं गेल्यावर दुसऱ्याचं जाताना बघण्यात जे सुख आहे, ते सोडून ते कुठे जाणार? दोघी बहिणी एका छत्रीत उभ्या होत्या. मास्तरांनी शिंगीला आणि मखमलीला धरलं होतं. गॅरेजवाला पिस्टनला घेऊन आला आणि येतानाच दोन बोटांनी छातीचा खिसा थोपटला.

तपासनीस बाईंनी हाक मारली, "हरकतीचा घोडा."

बाईंची काठी म्हणजे माणसाएवढी उभी लाकडी काठी, तिला वर-खाली सरकणारी एक आडवी पट्टी. बाईंनी पिस्टनला सपाट फरशीवर उभं केलं, काठी त्याच्या पुढच्या पायाशेजारी जमिनीवर टेकवली, पट्टी खाली सरकवत उंचवट्यावर आणली. वाकून आकडा वाचला.

"नियमात. एक बोट राखून."

झाडाखाली हलकल्लोळ झाला. सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तरांच्या मनात आधी काय आलं सांगू? आधी आलं, शिंगी वाचली. पण तोंडातून बाहेर पडलं ते दुसरंच.

"काठी चुकली."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "काय म्हणालात?"

"टेपाने दोन बोटं जास्त भरतो. मी चारदा घेतलंय माप."

"आणा टेप."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून दिला. बायकोने नंतर शपथेवर सांगितलं, की तो तिने पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात गेलेला पाहिला. बाईंनी त्याचं टोक खुराशी धरलं आणि विचारलं, "तुम्ही कसा नेलात?" मास्तरांनी दाखवलं. पायावरून, खांद्याच्या फुगीर भागावरून, अंगाला चापून वर. बाईंनी तिथंच टेप धरून ठेवला आणि शेजारी काठी उभी केली. काठी सरळ वर गेली होती. टेप खांद्याच्या फुगवट्यावरून वळसा घेऊन आला होता. तो वळसाच दोन बोटांहून जास्त होता. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"तुम्ही याची उंची मोजत होता," बाई म्हणाल्या, "की याला कोट शिवणार होता?"

आणि त्या हसल्या! त्या वर्षापर्यंत कुणी न पाहिलेलं हसू टेपमास्तरांच्या नशिबी आलं. मग सगळं मैदान हसलं. बर्फवाला तर झाडाला धरून हसला. दूधवाला ओरडला, "मास्तर, पिस्टनला जाकीटही शिवा!"

गॅरेजवाला हसत नव्हता. तो खिशावर हात ठेवून वाट बघत होता.

मास्तरांनी टेप गळ्यात घातला. शिंगी त्यांच्या कोपराला डोकं घासत होती. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा दूर रस्त्याकडे, जिथून भट्टीच्या गाड्या जात होत्या. ओठ हलले.

"ऐकू नाही आलं," गॅरेजवाला म्हणाला. "इंजिनांपायी कान गेलेत माझे."

"माझं माप चुकलं!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की पिस्टन दोन पावलं मागे सरला.

गॅरेजवाल्याने कागद बाहेर काढला, अर्धा पुढे केला आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावर लग्नातलं ते जुनं हसू आलं.

"आणि कोटाचं?"

"कोटाचं नाव काढायचं नाही!" मास्तर कडाडले. "कोट बरोबर होता! ठरलं होतं ते घोड्याचं!"

"कोटाचं म्हणा, नाहीतर कागद फाडतो."

"फाडा! फाडून बघा! त्या लांब हातांना दुसरं येतं काय?"

आणि खरंच, पुढच्या क्षणी त्याने फाडला असता. पण धाकटी छत्रीतून निघाली, नवऱ्याच्या हातातून कागद उपसला आणि भावजींच्या हातात कोंबला. "ठरलं तेवढं झालं," ती नवऱ्याला म्हणाली. "कोटाचं काय ते दोघं वर गेल्यावर बघा. तिथे वेळ भरपूर असतो."

मास्तर नोंदणीच्या टेबलाशी गेले. बाईंनी शिंगीला चहूबाजूंनी बघितलं, खूर उचलून बघितले, कान बघितले, आणि लिहिलं, 'शेरा नाही.' मास्तरांनी ते उलटं वाचलं. डोळ्यांत पाणी आलं की ऊन लागलं, देव जाणे.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"सुई."

कारकुनाने लिहिलं ते 'पिस्टन' आणि थांबला.

"हे काय लिहिलंत?"

"आजोबा, नियम आहे. शिंगराच्या नावात बापाचं नाव आधी. पिस्टन सुई. सगळ्यांचं तसंच असतं."

पाठीमागे गॅरेजवाल्याला हे ऐकू आलं. मघाशी गेलेले कान परत आले वाटतं. त्याने मांडीवर थाप मारली. "पिस्टन! जन्मभर पिस्टन म्हणून हाक मारा, साडूबुवा! माझ्या घोड्याचं नाव घेतल्याशिवाय तुमची शिंगी चारा खाणार नाही!"

मास्तरांनी कारकुनाच्या कागदावर वाकून पाहिलं. मग कारकुनाला गोड आवाजात विचारलं, "पुस्तकात एकदा लिहिलेलं नाव बदलता येतं का?"

"नाही. कधीच नाही. आणि उद्या हिला शिंगरं झाली तर त्यांच्या कागदावर आईचं नाव म्हणून हेच जाणार."

"मग सुई खोडा. पिस्टनपुढे लिहा, लांबहाती."

"लांबहाती? हे कसलं नाव?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "हिच्या बापाच्या मालकावरून ठेवलंय."

गॅरेजवाल्याने संस्थेत हरकत घेतली. संस्थेने कळवलं, नावाला हरकत घेता येत नाही.

घरी परतताना थोरली म्हणाली, "एक गोष्ट बोलू? घोड्याला कोटासाठी मोजावं तसं मोजलंत, आणि साडूंना काठीसारखं. सरळ उभं करून. अहो, कोट घातल्यावर माणूस हात वाकवणार नाही का?"

मास्तरांनी शिंगीचा दोर दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "तू कुणाच्या बाजूची?"

"मी शिंगीच्या."

शिंगी कुरणावर गेली. तिथली माणसं समजतात, पुढचे पाय लांब टाकते म्हणून तिचं नाव तसं. मास्तर आठवड्याला एकदा गुळाचा खडा घेऊन जातात आणि कुंपणावरून तिला पूर्ण नावाने हाक मारतात, पहिला अर्धा भाग पुटपुटत, दुसरा खणखणीत.

आणि गॅरेजवाला? त्याने माळ्यावरून तो लग्नातला कोट काढला, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शिंप्याकडे नेला, बाह्यांना जोड लावून घेतला. मग एका सकाळी तो घालून, दोन्ही हात कोपरात वाकवून, टेपमास्तरांच्या दुकानासमोरून मुद्दाम हळू चालत गेला. मनगटं झाकलेली होती.

मास्तरांनी मशीन थांबवलं. चष्म्यावरून बघितलं. तो कोपऱ्याला वळेपर्यंत बघितलं.

"बाही एक बोट जास्त झाली," ते बायकोला म्हणाले, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.